रेघ दुसरीकडे पडली असती तर: व्हिएतनामच्या स्वातंत्र्याचे जर-तर

पानिपतात विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झालं असतं? आपल्याकडे हा विषय निघाला की चहा गार होतो. पण हाती फारसं काही लागत नाही, कारण एक गोळी चुकवली की पुढच्या पंचवीस गोष्टी आपण आपल्या सोयीने फिरवून घेतो. भाऊसाहेब जिंकतात, दिल्ली ताब्यात राहते, इंग्रज निमूट जहाजात बसतात. जर-तर नीट करायचं तर नियम कडक हवा. बदलायची ती एकच गोष्ट, तीही छोटी, आणि त्या वेळच्या माणसांपुढे खरोखर पर्याय म्हणून असलेली. बाकी माणसं, त्यांचे स्वार्थ आणि त्यांची भांडणं जिथल्या तिथे ठेवायची.

या नियमाने खेळायला १९४५ चा व्हिएतनाम फार चांगला आहे. त्या एका वर्षात तिथे फ्रान्स, जपान, चीन आणि ब्रिटन असे चार धनी आले-गेले. अमेरिका कडेला उभी होती, सयाम, म्हणजे आजचा थायलंड, दारातून डोकावत होता. आणि ब्रिटनच्या वतीने बंदूक धरायला जे शिपाई उतरले, त्यातले बहुतेक हिंदुस्थानातून गेलेले होते.

आधी खरं काय घडलं ते थोडक्यात. फ्रेंचांनी हा देश तीन तुकड्यांत ठेवला होता. दक्षिणेचा कोचीनचायना ही सरळसरळ वसाहत, तर मधला अनाम आणि उत्तरेचा टोंकिन ही नावापुरती संरक्षित राज्यं. हुए शहरात बादशहा होता, पण आपल्याकडे १८१८ नंतर साताऱ्याच्या गादीला जितका अधिकार होता, त्याहून त्याला फार जास्त नव्हता. १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला, जपानी फौज टोंकिनमध्ये आली आणि पुढच्या वर्षी दक्षिणेतही उतरली. तरी जपान्यांनी फ्रेंचांना हाकललं नाही. कारभार, करवसुली, पोलीस, तांदळाची उचल हे सगळं ॲडमिरल दकू या फ्रेंच गव्हर्नर जनरलच्या माणसांकडेच राहू दिलं. फुकटचा कारकून मिळतोय तर हाकलायचा कशाला?

पहिला जर-तर इथेच आहे.

जपानने दोन वर्षं आधी हात मोकळा केला असता तर

व्हिएतनामी देशभक्तांना जपानची ओढ जुनी. १९०५ मध्ये फान बोई चाऊ या पुढाऱ्याने तरुण मुलांना शिकायला जपानला धाडण्याची चळवळ सुरू केली. राजघराण्यातला कुओंग दे हा राजपुत्रही तिकडे गेला. पण १९०७ मध्ये जपान आणि फ्रान्स यांचा करार झाला, आणि लवकरच जपानने या पोरांना वाटेला लावलं. कुओंग दे मात्र आयुष्यभर वाट बघत राहिला, की जपान एक दिवस आपल्याला गादीवर बसवेल.

१९४३ मध्ये तशी वेळ आली होती. ऑगस्टमध्ये जपानने ब्रह्मदेशाला आणि ऑक्टोबरमध्ये फिलिपिन्सला स्वातंत्र्य जाहीर केलं. ते कागदीच होतं. पण ब्रह्मदेशाच्या कागदी सरकारात आंग सान नावाचा संरक्षणमंत्री होता, आणि त्याच्या हाताखाली जपान्यांनीच शिकवलेली फौज होती. १९४५ च्या मार्चमध्ये तीच फौज जपान्यांवर उलटली, आणि इंग्रज परत आले तेव्हा त्यांना आंग सानशी बोलावंच लागलं.

व्हिएतनामला हे मिळालं नाही, कारण तिथे फ्रेंच कारकून काम करत होता. तो बेभरवशाचा झाला तेव्हा कुठे जपान हलला. ९ मार्च १९४५ च्या संध्याकाळी जपानी राजदूताने दकूला सायगॉनमध्ये गाठून दोन तासांची मुदत दिली, आणि रात्रीत फ्रेंच सत्ता गुंडाळली. दोन दिवसांनी बादशहा बाओ दाईने फ्रान्सबरोबरचा जुना तह रद्द झाल्याचं जाहीर केलं. कुओंग दे तोकियोतच राहिला. पंतप्रधान झाला त्रान त्रोंग किम, पेशाने शिक्षक आणि इतिहासकार. त्याच्या मंत्रिमंडळात वकील होते, डॉक्टर होते, शाळेत व्हिएतनामी भाषेतून शिकवायला लावणारा गणितज्ञ शिक्षणमंत्री होता. संरक्षण खातं मात्र नव्हतं.

माझ्या मते या जर-तरची सगळी किल्ली त्या नसलेल्या खात्यात आहे. १९४३ मध्ये जपानने व्हिएतनामला ब्रह्मदेशासारखं कागदी स्वातंत्र्य दिलं असतं, तर दोन वर्षांत एखादी गणवेशातली फौज उभी राहिली असती. तिचे अधिकारी कम्युनिस्ट नसते, जपानी शिस्तीत वाढलेले राष्ट्रवादी असते. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण गेला तेव्हा हनोईत जी पोकळी झाली, ती इतकी मोकळी राहिली नसती.

पण एक गोष्ट अशाने बदलली नसती, आणि ती सगळ्यात मोठी आहे: दुष्काळ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात टोंकिनमध्ये माणसं रस्त्याकडेला मरून पडत होती. मेलेल्यांचा आकडा कोणी चार लाख धरतो, कोणी वीस लाख. सक्तीने उचललेलं भात, भाताच्या जागी लावायला लावलेला ताग, बॉम्बहल्ल्यांनी तुटलेली दक्षिणेकडची रेल्वे आणि वरून वादळं, अशी सगळी कारणं एकत्र आली. १९४३ चा बंगाल आठवला तर चित्र डोळ्यांपुढे येईल. व्हिएत मिन्ह या हो ची मिन्ह यांच्या आघाडीने लोकांना एकच साधी गोष्ट सांगितली: कोठारं फोडा आणि भात घ्या. उपाशी गावाला याहून सोपा जाहीरनामा कोणता देणार? जपानच्या कृपेने बसलेलं सरकार १९४३ पासून असतं, तर या कोठारांना लागलेलं कुलूप त्याच सरकारचं ठरलं असतं. म्हणजे फौज हाती असती, पण तिला उभं राहायला जमीन नसती.

एका रेघेची गोष्ट

१५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली आणि दहा दिवसांत हनोई, हुए, सायगॉन अशी तिन्ही शहरं व्हिएत मिन्हकडे गेली. ३० ऑगस्टला बाओ दाईने हुएच्या राजवाड्याच्या दरवाजावर राजमुद्रा आणि तलवार नव्या सरकारच्या हाती दिली. २ सप्टेंबरला हो ची मिन्ह यांनी हनोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्य जाहीर केलं. भाषणाची सुरुवात अमेरिकेच्या जाहीरनाम्यातल्या ओळीने केली, हेही मुद्दाम. अमेरिकेने ऐकावं म्हणून.

पण त्याआधीच, जुलैमध्ये, जर्मनीतल्या पॉट्सडॅमला या देशाच्या नकाशावर एक रेघ ओढली गेली होती. प्रश्न राज्य कोणाला द्यायचं हा नव्हता. जपानी शिपायांची हत्यारं कोणी गोळा करायची, एवढाच होता. सोळाव्या अक्षवृत्ताच्या वर चीनने, खाली माउंटबॅटनच्या ब्रिटिश कमांडने. आज हे अक्षवृत्त दा नांगच्या जरा खालून जातं. तिथल्या शेतकऱ्याला तेव्हा याचा पत्ताही नसणार.

युद्धाच्या सुरुवातीला हा सगळा प्रदेश चीनचा नेता च्यांग काय-शेक याच्या आघाडीत धरलेला होता. माउंटबॅटनला त्यात वाटा हवा होता, त्यावरून बरीच धुसफूस झाली आणि तोडगा म्हणून ही रेघ आली. म्हणजे ही रेघ न पडणं हा खरोखरचा पर्याय होता. आपल्या नियमात तो चपखल बसतो.

रेघेने केलं काय, ते सायगॉनला दिसतं. १३ सप्टेंबरला मेजर जनरल डग्लस ग्रेसी विसावी इंडियन डिव्हिजन घेऊन उतरला. हा ग्रेसी आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत असतो. पुढे तो पाकिस्तानच्या लष्कराचा प्रमुख झाला, आणि १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये काळजीवाहू प्रमुख असताना काश्मीरमध्ये फौज घालण्याचा जिनांचा हुकूम त्याने मानला नव्हता. सायगॉनमध्ये मात्र तो हुकमाच्या पुढे धावला. २१ तारखेला त्याने फर्मान काढलं: सभा बंद, मिरवणुका बंद, वर्तमानपत्रं बंद, हत्यार दिसलं तर कडक शिक्षा. मग कैदेतून सुटलेल्या चौदाशेच्या आसपास फ्रेंच सैनिकांना बंदुका दिल्या. २३ सप्टेंबरच्या पहाटे त्यांनी पोलीस ठाणी, खजिना, टपाल कचेरी आणि नगरभवन ताब्यात घेतलं, आणि दिवसभर रस्त्यात दिसेल त्या व्हिएतनामी माणसाला बडवलं. दुसऱ्या रात्री याचा सूड म्हणून एका फ्रेंच वस्तीत दीडशेच्या आसपास माणसं मारली गेली, त्यात बायका-मुलंही. तीस वर्षांच्या लढ्याची पहिली ठिणगी कुठली असं कोणी विचारलं, तर मी या दोन दिवसांकडे बोट दाखवीन.

इंग्रजांचा हिशेब समजायला अवघड नाही. ब्रह्मदेशात ते स्वतःच मालक होते, त्यामुळे आंग सानशी सौदा करायला कोणाची परवानगी लागत नव्हती. व्हिएतनाममध्ये ते दुसऱ्याच्या घराचे राखणदार होते. आणि ज्याला स्वतःचं मलाया नि हाँगकाँग परत हवं आहे, तो शेजारच्या मालकाचं घर भाडेकरूला कसं देईल?

आता रेघ पुसून बघू. समजा सगळा देश चीनच्या वाट्याला गेला.

उत्तरेत चिनी फौज आली ती दक्षिण चीनमधल्या युनान प्रांताची, सेनापती लू हान. दीड-दोन लाखांचा जथा. पायात गवताच्या चपला, खांद्यावर कावड, कावडीला लोंबकळणारी भांडी, कितीतरी जणांचे पाय बेरीबेरीने सुजलेले. दुष्काळातून जेमतेम उठलेल्या मुलखात ही टोळधाडच होती. शिवाय त्यांनी आपल्या नोटा सोबत आणल्या आणि दर ठरवून दिला: एका चिनी गोल्ड युनिटला दीड पियास्त्र, म्हणजे तिथलं चलन. त्या नोटेची घरी काय पत होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. हनोईच्या बाजारात बसलेल्या बाईने कोंबडी विकली की तिच्या हातात हा कागद यायचा. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण समोर बंदूक. अशा नोटांवर चिनी अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या व्यापाऱ्यांनी दुकानं, घरं, माल असं बरंच काही उचललं.

आणि तरीही लू हानने एक गोष्ट केली नाही. फ्रेंचांच्या हाती बंदूक दिली नाही. हनोईच्या किल्ल्यात जपान्यांनी कोंडलेले हजारो फ्रेंच सैनिक कोंडलेलेच राहिले. हो ची मिन्ह यांचं सरकार चालू राहिलं. चिन्यांना आपली माणसं, म्हणजे च्यांगच्या क्वोमिंतांग पक्षाच्या धर्तीवरचा क्वोक दान दांग हा पक्ष, त्यात घुसवायची होती. त्यावर हो यांनी तोड काढली. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये आपला कम्युनिस्ट पक्षच विसर्जित केल्याचं जाहीर केलं, आणि जानेवारी १९४६ च्या निवडणुकीत विरोधकांना न लढता सत्तर जागा देऊन टाकल्या. पक्ष अर्थातच आतून शाबूत होता. तोंडावर रामराम, खिशात किल्ल्या.

हेच चित्र सायगॉनपर्यंत नेलं तर? २३ सप्टेंबर घडत नाही. फ्रेंच जनरल लक्लेर्क ऑक्टोबरमध्ये सायगॉनला उतरू शकत नाही. त्याला बाहेरच थांबावं लागतं, जोवर पॅरिस आणि च्यांग काय-शेक यांचा सौदा होत नाही तोवर. हा सौदा प्रत्यक्षात २८ फेब्रुवारी १९४६ ला झाला. फ्रान्सने चीनमधल्या आपल्या जुन्या सवलती आणि शांघायसारख्या शहरांतल्या वसाहती सोडल्या, युनान रेल्वेचा चिनी भाग दिला, हायफाँग बंदरात चिनी मालाला मोकळी वाट दिली. बदल्यात चीन उत्तरेतून निघणार होता. पण लू हानच्या माणसांना घाई नव्हती. ६ मार्चला फ्रेंच जहाजं हायफाँगच्या तोंडाशी आली तेव्हा चिनी तोफांनी त्यांच्यावरच मारा केला. त्याच दिवशी हनोईत, चिन्यांच्या दाबाखाली, फ्रान्स आणि हो ची मिन्ह यांनी करारावर सह्या केल्या: व्हिएतनाम फ्रेंच संघातलं एक मुक्त राज्य, पंधरा हजार फ्रेंच शिपाई पाच वर्षांपुरते, आणि दक्षिणेचं काय ते सार्वमताने.

या करारात ‘स्वातंत्र्य’ हा शब्द नव्हता, आणि दक्षिण लटकत ठेवलेली होती, कारण ती आधीच फ्रेंचांच्या घशात गेली होती. जूनमध्ये फ्रेंच हायकमिशनरने सार्वमताची वाट न बघता कोचीनचायनाचं वेगळं प्रजासत्ताकच उभं केलं. नोव्हेंबरात हायफाँगवर तोफा डागल्या गेल्या, डिसेंबरात हनोई पेटलं.

रेघ नसती तर या वाटाघाटीत सायगॉनही टेबलावर आलं असतं, आणि कोचीनचायनाचं वेगळं प्रजासत्ताक उभं करायला फ्रेंचांच्या पायाखाली जमीन नसती. पण मी फार गोड चित्र रंगवणार नाही. दक्षिणेत व्हिएत मिन्ह तितकी पक्की नव्हती. काओ दाई आणि होआ हाओ या धर्मपंथांच्या स्वतःच्या सशस्त्र टोळ्या होत्या. सायगॉनला लागून असलेल्या चो लॉनमध्ये तांदळाचा व्यापार चिनी पेढ्यांच्या हाती. लू हानच्या सेनापतींना तिथे मोकळं रान मिळालं असतं, तर टोंकिनच्या कोंबड्यांवर न थांबता मेकाँगचं भातही त्याच दीड पियास्त्रच्या नोटेवर गेलं असतं. आणि फ्रान्स दक्षिणेतलं रबर सुखासुखी सोडून देईल, असंही नाही. लढाई कदाचित झालीच असती. पण ती उशिरा, आणि समुद्रातून उतरून, सगळा देश समोर ठेवून करावी लागली असती. फ्रान्समध्ये १९४६ मध्ये त्यासाठी किती दम होता, याविषयी मला शंका आहे.

चीन तिथून गेलाच नसता तर

हा जर-तर लोकांना फार आवडतो, पण मला त्यात फार दम दिसत नाही. चीनने या देशावर इसवी सनपूर्व १११ पासून ९३८ पर्यंत, मध्ये काही खंड सोडले तर, राज्य केलं होतं. पंधराव्या शतकात मिंग पुन्हा आले, त्यांना ले लोईने दहा वर्षं डोंगरातून झुंजून हाकललं. हनोईच्या पोराला हे पाळण्यातच समजतं. त्यामुळे चीनच्या छत्राखालचं सरकार कितीही राष्ट्रवादी असलं, तरी गावात त्याला तोंड दाखवायला जागा नसती.

शिवाय च्यांग काय-शेकला तिथे राहायचंच नव्हतं. १९४३ मध्ये कैरोला रूझवेल्टने त्याला हा प्रदेश हवा का विचारलं होतं, तो नाही म्हणाला. १९४५ मध्ये त्याची नजर मांचुरियावर होती. आणि युनानच्या फौजेला व्हिएतनामला धाडण्यात एक खास चिनी डाव होता. ही फौज दूर गेली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला च्यांगच्या माणसांनी कुनमिंगमध्ये युनानचा मुरलेला सुभेदार लाँग युन याला उचललं. त्याला वाचवायला फौज घरी नव्हती. लू हानला बक्षीस म्हणून तीच सुभेदारी मिळाली. १९४९ च्या डिसेंबरमध्ये तो माओला जाऊन मिळाला. म्हणजे त्याच्या भरवशावर हनोईत बसवलेलं सरकार चार वर्षांत आपोआप वाऱ्यावर गेलं असतं.

सयामचा जर-तर छोटा, पण चटका लावणारा आहे. बँकॉकमध्ये प्रिदी या नेत्याने व्हिएत मिन्हला आसरा दिला. मार्च १९४६ मध्ये लाओसच्या थाखेक गावावर फ्रेंच तुटून पडले तेव्हा हजारो व्हिएतनामी कुटुंबं मेकाँग ओलांडून सयामच्या ईशान्य भागात आली, त्यांच्या वस्त्या अजून तिथे आहेत. सप्टेंबर १९४७ मध्ये बँकॉकला आग्नेय आशियाई देशांचा एक संघही निघाला. दोनच महिन्यांत लष्कराने सत्ता घेतली, प्रिदी परागंदा झाला आणि संघ विरून गेला. प्रिदी टिकता, तर व्हिएत मिन्हला १९५० मध्ये माओच्या सरहद्दीची जेवढी गरज पडली, तेवढी कदाचित पडली नसती.

दिल्लीकडेही त्यांनी पाहिलं होतं. १९४७ च्या मार्चमध्ये पुराना किल्ल्यात भरलेल्या आशियाई परिषदेत व्हिएतनामी प्रतिनिधींनी प्रत्यक्ष मदत मागितली. नेहरूंनी सहानुभूती दिली.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो जर-तर मुंबईचा आहे. ग्रेसीकडे फ्रेंच शिपाई थोडे होते. शहर हातात ठेवायला त्याला हत्यारं गोळा करायच्या ऐवजी जपान्यांनाच पहाऱ्यावर उभं करावं लागलं होतं, आणि खरा भार होता हिंदी नि गुरखा पलटणींवर. याच सायगॉनहून १७ ऑगस्टला नेताजींचं शेवटचं विमान उडालं होतं. महिन्याभराने त्याच शहरात हिंदी शिपाई दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर बंदूक रोखून उभे होते. १९४६ च्या सुरुवातीला नेहरूंनी याविषयी राग, शरम आणि हतबलता बोलून दाखवली. त्या पलटणींनी नकार दिला असता, किंवा ‘हिंदी फौज आता असल्या कामाला चालणार नाही’ अशी भीती लंडनला तेव्हाच वाटली असती, तर २३ सप्टेंबरची पहाट वेगळी उजाडली असती.

ती भीती लंडनला वाटली, पण १८ फेब्रुवारी १९४६ ला. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी निकृष्ट जेवणावरून काम थांबवलं आणि बघता बघता वीस हजारांच्या आसपास नौसैनिक उठले. मागण्यांच्या यादीत पगार होता, जेवण होतं, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, आणि इंडोनेशियातून हिंदी फौज परत आणा, हेही होतं. ग्रेसी सायगॉन सोडून गेला होता त्याला त्या दिवशी बरोबर तीन आठवडे झाले होते.